बालपण अंड्यातच उरकणारी कोळंबी

मासळीबाजारात कोळंबीचा वाटा घेताना आपण आकार बघतो, ताजेपणा बघतो, भाव पाडून मागतो. पोटाखाली काय आहे ते क्वचितच बघतो. बघितले तर एक गंमत दिसते. टायगर, सफेद अशा समुद्री कोळंबीच्या पोटाखाली अंडी कधीच नसतात. मादी पिकलेली असेल तर सोलताना पाठीच्या अंगाला हिरवट गाभोळी लागते, पण खालचे पाय रिकामे. याउलट खाडीच्या वरच्या बाजूला, नदीच्या पाण्यात सापडणारा लांब निळ्या नांग्यांचा मोठा झिंगा घ्या. पावसाळ्यात त्याच्या मादीच्या पोटाखाली नारिंगी अंड्यांचा गच्च घोस चिकटलेला असतो. ही दोन वेगळी घराणी आहेत. पहिल्यातली मादी अंडी समुद्रात सोडून मोकळी होते. दुसऱ्यातली ती पिल्ले बाहेर पडेपर्यंत पोटाशी वागवते. घरच्या फिश टँकमध्ये हौसेने पाळली जाणारी गोड्या पाण्यातली कोळंबी यच्चयावत दुसऱ्या घराण्यातली. नवख्या हौशी माणसाची पहिली फसगत इथेच होते. मादी अंडी घेऊन फिरताना दिसली की त्याला वाटते, महिनाभरात टँक पिल्लांनी भरणार. पिल्ले बाहेर येतातही. पण काही जातींत आठवड्याभरात त्यांतले एकही उरत नाही, आणि मग पाण्याला, खाद्याला, दुकानदाराला दोष देणे सुरू होते.

घरात कोळंबीची पैदास होणार की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा टँक भरण्याआधीच लागलेला असतो. पिल्लाचे बालपण कुठे जाते, अंड्याच्या आत की समुद्राकडच्या खाऱ्या पाण्यात, यावर तो अवलंबून असतो. बालपण अंड्यातच उरकणारी जात निवडली, तर पुढे पाळणाऱ्याने करायच्या गोष्टी थोड्या आणि टाळायच्या गोष्टी पुष्कळ उरतात. दुकानात मिळणाऱ्या रंगीबेरंगी बाटल्यांचा क्रमांक त्यानंतर लागतो.

बाजारातल्या त्या निळ्या नांग्यांच्या झिंग्यापासूनच सुरुवात करू. शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. व्यापारात त्याला स्कॅम्पी म्हणतात. पूर्ण वाढलेली मादी एका वेळी ८० हजार ते १ लाख अंडी धरते. हे प्राणी तळ्यात जगतात, वाढतात, अंडी धरतात, मग त्यांची शेती का होत नाही, हे कोडे बरीच वर्षे सुटत नव्हते, कारण पिल्ले चार-पाच दिवसांत मरून जात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियातल्या पेनांग इथे शाओ-वेन लिंग यांनी ते सोडवले. अंड्यातून निघणारे पिल्लू आईबापांसारखे नसतेच. डोके खाली करून उलटे तरंगणारी ती एक अळी असते, आणि तिला जगायला मचूळ पाणी लागते. अकरा अवस्था पार केल्यावर, म्हणजे काही आठवड्यांनी, तिचे खऱ्या अर्थाने कोळंबीचे पिल्लू होते आणि मग ते गोड्या पाण्याकडे उलटे निघते. या शोधाच्या आधारावर हवाईत ताकुजी फुजिमुरा यांनी पिल्ले मोठ्या संख्येने तयार करण्याची पद्धत बसवली आणि स्कॅम्पीची शेती जगभर पसरली. नदी आणि खाडी यांमधली ही ये-जा तुटली की काय होते, ते केरळमध्ये दिसले. कुट्टनाडच्या भातशेतीत खारे पाणी शिरू नये म्हणून १९७० च्या दशकात वेंबनाड कायलावर तण्णीरमुक्कम इथे बांध घातला गेला. भात वाचले, पण खाली खाऱ्याकडे उतरणाऱ्या माद्यांची आणि वर चढणाऱ्या पिल्लांची वाट अडली आणि तिथली ही कोळंबी झपाट्याने घटली. ज्या जातीला बालपणासाठी अख्खी खाडी लागते, ती दोन फुटांच्या काचेच्या पेटीत आपोआप वाढेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

टँकच्या हौशीत हीच फसगत अमानो कोळंबीबाबत होते. जपानचे ताकाशी अमानो यांनी पाणवनस्पतींच्या टँकमधले शेवाळ खाण्यासाठी १९८० च्या दशकात ही कोळंबी वापरात आणली आणि तिला त्यांचेच नाव चिकटले. जवळजवळ पारदर्शक अंग, कुशीवर ठिपक्यांच्या ओळी, आणि भूक अशी की शेवाळाचे नाव राहू नये. मादी हजार-दोन हजार बारीक अंडी धरते. ती उबतातही. पण बाहेर पडलेल्या अळ्यांना काही दिवसांतच समुद्राच्या जवळपास खारट पाण्यात हलवावे लागते, तिथे सूक्ष्म हिरवे शैवाल खाऊ घालावे लागते आणि महिना-दीड महिन्याने रूप पालटले की पुन्हा गोड्या पाण्यात आणावे लागते. हे घरी जमवलेले लोक आहेत, हे कबूल. पण त्यासाठी वेगळी टाकी, समुद्री मीठ, शैवालाच्या बाटल्या आणि रोजची देखरेख, एवढा संसार मांडावा लागतो. ज्याला सोपी पैदास हवी आहे त्याने अमानो शेवाळ खायला ठेवावी आणि तिच्या अंड्यांवर आशा ठेवू नये.

आता चेरी. निओकॅरिडिना डेव्हिडाय ही पूर्व आशियातल्या ओढ्या-तळ्यांतली कोळंबी; चीन, कोरिया, तैवान हा तिचा मूळ मुलूख. १९०४ मध्ये तिला हे नाव मिळाले ते चीनमध्ये हिंडून प्राणी-वनस्पती गोळा करणारे फ्रेंच मिशनरी आर्माँ डाव्हिद यांच्यावरून. जुन्या पुस्तकांत ती हेटेरोपोडा म्हणून सापडते, प्राणी तोच. हिची मादी फार तर तीन-साडेतीन सेंटिमीटरची, आणि अंडी धरते वीस-तीस. लाखभर अंड्यांसमोर हा आकडा केविलवाणा वाटेल. पण अंड्याकडे बघा. लांबी मिलिमीटरहून थोडी जास्त; म्हणजे स्वतः वीतभर असलेल्या स्कॅम्पीच्या अंड्यापेक्षा या बोटाच्या पेराएवढ्या मादीचे अंडे मोठे. त्या मोठेपणात सगळे गणित आहे. आईने प्रत्येक अंड्यात इतकी शिदोरी भरलेली असते की पिल्लू अळीच्या साऱ्या अवस्था आतच संपवते आणि बाहेर येते ते दोन मिलिमीटरचे, पण आईची हुबेहूब प्रतिकृती होऊन. ना खारे पाणी, ना तरंगणे, ना रूपांतर. पहिल्या दिवसापासून ते पाय रोवून चरायला लागते.

हा सगळा प्रकार काचेतून दिसतो, हे चेरी पाळण्यातले खरे सुख. अंडी आधी मादीच्या डोक्यामागे, पाठीवर तयार होतात. घोड्यावर खोगीर टाकावे तसा पिवळसर ठिपका दिसतो. मग ती कात टाकते. कात टाकताच तिच्या अंगातून पाण्यात गंधद्रव्य सुटते, आणि एरवी मॉसवर शांत चरणारे नर वेड लागल्यासारखे टँकभर पोहू लागतात. नवखा माणूस हे पाहून पाणी बिघडले म्हणून घाबरतो. मीलन काही क्षणांचे. त्यानंतर अंडी पाठीवरून पोटाखाली येतात आणि पोहण्याच्या पायांना चिकटतात. पुढचे तीनेक आठवडे, पाणी थंड असेल तर महिना, मादी ते पाय सतत हलवत अंड्यांना वारा घालते, मधूनच एखादे अंडे उचलल्यासारखे करून साफ करते, मेलेले टाकून देते. शेवटी शेवटी प्रत्येक अंड्यात डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसतात. भिंगातून पाहिले तर चुकत नाहीत.

यावर रास्त आक्षेप येतो. चेरी इतकी सोपी असेल तर इतक्या लोकांची चेरी का मरते? दुकानातून दहा आणली, दोन महिन्यांत तीन उरली, हे गाऱ्हाणे काही कमी ऐकू येत नाही. म्हणजे जातीची निवड हा निम्माच मुद्दा झाला, असे कुणी म्हणेल. मान्य. पण उरलेला निम्मा भागही त्याच अंड्यातून निघतो. तरंगणारी अळी प्रवाहाबरोबर अन्नाकडे वाहत जाऊ शकते. चेरीचे पिल्लू जिथे पडले त्याच्या आसपासच राहते, आणि त्याच्या पायाखाली जे आहे तेच त्याचे जेवण. तिथे काही नसेल तर वरून टाकलेली खाद्याची गोळी टँकच्या दुसऱ्या टोकाला असूनही ते उपाशी मरते. त्याचे जेवण म्हणजे दगडावर, लाकडावर, पानावर, काचेवर धरणारा बुळबुळीत थर. जिवाणू, शैवाल, बुरशी आणि त्यांत राहणारे सूक्ष्म जीव यांची ती वस्ती. बायोफिल्म हे तिचे शास्त्रीय नाव. हा थर विकत मिळत नाही, वेळ जाऊ द्यावाच लागतो. नवा, स्वच्छ, लखलखीत टँक हा माणसाच्या डोळ्याला कितीही छान दिसला तरी पिल्लांच्या लेखी ते दुष्काळी रान असते.

त्याच थरात आणि फिल्टरच्या स्पंजात दुसरेही एक काम चालते. विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून अमोनिया होतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. पहिली दोन्ही विषे, तिसरे त्या मानाने सोसण्यासारखे. ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. हौशी लोक याला टँक सायकल करणे म्हणतात. घाई करायची असेल तर एकच प्रामाणिक उपाय आहे, विरजणाचा: कुणाच्या तरी जुन्या, निरोगी टँकमधला स्पंज आपल्या टँकमध्ये पिळायचा. दुधाला जसे चमचाभर दही पुरते तसेच हे. आणि तरीही पुढे महिनाभर थांबलेले बरे, कारण विरजणाने विष आवरते, पिल्लांचे कुरण त्याने उगवत नाही. जंगली बदामाचे वाळके पान टाकून ठेवणे हा त्या कुरणाचा सर्वांत स्वस्त मार्ग. परदेशातले हौशी लोक ही पाने पाकिटांतून विकत घेतात; मुंबईत आणि कोकणात ती लाल होऊन फुटपाथवर पडलेली असतात. फवारणी नसलेल्या, रहदारीपासून लांबच्या झाडाची, आपोआप गळलेली घ्यावीत, धुऊन टाकावीत. महिनाभरात पानाची नुसती जाळी उरते.

मासे पाळणाऱ्यांकडून दुसरा आक्षेप येतो: पाणी बदलायला नको का? माशांच्या टँकमध्ये दर आठवड्याला निम्मे पाणी उपसण्याची शिस्त त्यांच्या अंगवळणी पडलेली असते आणि माशांपुरती ती योग्यच आहे. कोळंबीचे दुखणे वेगळे. तिचा सांगाडा बाहेर असतो, आणि वाढायचे म्हणजे तो टाकून नवा करायचा. पाण्यातले क्षार अचानक बदलले की अवेळी कात टाकण्याची पाळी येते. नवे कवच आत तयार नसेल तर जुने मधोमध फाटते, मानेभोवती पांढरे कडे दिसते आणि प्राणी त्यातून सुटत नाही. म्हणून इथे पाणी थोडे बदलायचे, दहा-पंधरा टक्के, आणि नवे पाणी तासभर थेंबाथेंबाने सोडायचे. टाकलेली कात उचलून फेकू नये. मेलेली कोळंबी समजून ती काढणारे पुष्कळ असतात. तिच्यातले क्षार बाकीच्या कोळंब्या खाऊन परत घेतात. चुन्याचा आणि मॅग्नेशियमचा अंश पाण्यात हवाच, त्यामुळे नुसते आरओचे पाणी तिला चालत नाही. ज्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजायला दुप्पट वेळ लागतो ते जड पाणीही टोकाचेच. ते आरओच्या पाण्यात मिसळून मधला मेळ साधता येतो. उन्हाळ्यात होणारी चूक आणखी बारीक आहे. टँकमधून वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. तूट भरायला आपण पुन्हा नळाचे किंवा बोअरचेच पाणी ओतले की दर खेपेला क्षार चढत जातात, आणि मे अखेर टीडीएस मीटर दुप्पट आकडा दाखवतो. वाफेची तूट भरायला मात्र आरओचेच पाणी योग्य. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आधी घालवायचा हे माशांसाठीही खरे, त्यावर जास्त बोलायला नको.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर उष्म्याचेही सांगायला हवे. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी ही कोळंबी २४, २८ आणि ३२ अंश सेल्सिअसला वाढवून पाहिली. त्यांचा निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन तापमानांना माद्यांनी अंडी धरली, ३२ अंशांना धरली नाहीत. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीतले पाणी या आकड्यापर्यंत सहज जाते. तेव्हा मे महिन्यात पैदास थांबली म्हणून खाद्य बदलण्यात अर्थ नाही. टँकवर छोटा पंखा लावावा, त्याने वाफ होऊन दोन-तीन अंश उतरतात, किंवा सरळ पावसाची वाट पाहावी.

विषबाधेचे प्रकार मराठी घरांत थोडे वेगळे आढळतील. तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेले पाणी आपण आरोग्यदायी समजतो. विरघळलेले तांबे कोळंबीला मात्र मारक ठरते. विनोद असा की तिचे स्वतःचे रक्तही तांब्यावरच चालते. आपल्या रक्तात प्राणवायू वाहणारे लोह तसे तिच्या रक्तात तांबे. पण अंगात बांधलेले तांबे वेगळे आणि पाण्यातून मोकळे आलेले वेगळे. माशांच्या कित्येक औषधांतही तांबे असते, बाटली वाचल्याशिवाय टाकू नये. दुसरे, डास पळवणारे लिक्विड आणि कॉइल. त्यांतली ट्रान्सफ्लुथ्रिनसारखी रसायने कीटकांसाठी बनवलेली, आणि कोळंबी ही कीटकांची नात्यातली. टँकच्या खोलीत ती लावू नयेत. अंगाला मलम लावलेला हात पाण्यात घालू नये.

मग मासे सोबत ठेवावेत का? निसर्गात मासे असतातच की, हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. निसर्गात ओढा मैलभर असतो आणि लपायला पालापाचोळ्याचे ढीग. शिवाय वीस-तीस अंड्यांचा हिशेब पुन्हा आठवा. लाखातली नव्व्याण्णव हजार पिल्ले गमावणे स्कॅम्पीला परवडते, कारण तिने तशीच पेरणी केलेली असते. चेरीने थोडकी, पण भरल्या शिदोरीची पिल्ले जन्माला घातली आहेत. त्यांतली पंधरा गप्पीने वेचली तर तो वेत संपलाच. मोठ्या कोळंबीला हात न लावणारा मासाही दोन मिलिमीटरचे पिल्लू सोडत नाही. पैदास हवी तर टँक कोळंबीचाच असावा, फार तर गोगलगायी असाव्यात. फिल्टरही स्पंजाचाच, ओढून घेणाऱ्या मोटरच्या तोंडात पिल्ले जातात. वीज गेली तर चिंता नको, कोळंब्यांची गर्दी नसलेला, झाडांनी भरलेला टँक चार-पाच तास निभावतो.

दहांवरून शेकडा करायचा म्हणजे सख्ख्यांतच पिढ्या वाढणार, त्याने वंश खालावणार नाही का, ही शंका जाणकारही काढतात. ती पोकळ नाही. दुकानातल्या रंगीत वाणांचा पाया आधीच अरुंद असतो. रानातली चेरी पारदर्शक, तपकिरी-हिरवट. लाल, पिवळी, निळी ही सगळी त्याच जातीतून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढलेली. म्हणूनच लाल आणि निळी एकत्र ठेवली की जांभळी पिल्ले मिळत नाहीत, काही पिढ्यांत पुन्हा रानातला मातकट रंग वर येतो. वर्षा-दोन वर्षांतून त्याच रंगाच्या चार-सहा कोळंब्या दुसऱ्याच्या टँकमधून आणल्या तर काळजी बरीच मिटते. मात्र सहा महिन्यांत ढासळलेल्या वसाहतीचे खापर नात्यातल्या वीणीवर फोडणे म्हणजे रिकाम्या कुरणावरची नजर हटवणे. जपानमध्ये हिसायासु सुझुकी यांनी १९९० च्या दशकात काळ्या-पांढऱ्या बी कोळंबीत उपजलेल्या लाल पिल्लांपासून क्रिस्टल रेडचा अख्खा वाण उभा केला, तोही अशाच अरुंद पायावर. क्रिस्टल रेड नाजूक आहे, तिला मऊ, आम्लधर्मी आणि गार पाणी लागते, महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा घेऊ नये, हे खरे. पण पैदास तिचीही होते, कारण तिचेही बालपण अंड्यातच जाते.

आणि खायला? हा प्रश्न मराठी घरात येणारच. तीन सेंटिमीटरच्या प्राण्यातून कवच आणि डोके वजा केले तर जवळ्याच्या चटणीइतकेही हाती लागत नाही, आणि टँकमध्ये कोणती औषधे पडली आहेत ते कुणी लिहून ठेवलेले नसते. खायचे झिंगे तळ्यातलेच बरे. खरा प्रश्न जास्त झालेल्या कोळंबीचे काय करायचे, हा. ओढ्यात किंवा नाल्यात सोडून देणे हा सोपा मार्ग अजिबात धरू नये. जर्मनीत वीजकेंद्राच्या कोमट पाण्याने उबदार झालेल्या ओढ्यात चेरीने बस्तान बसवलेले आहे, तिथल्या गार हवेत. सह्याद्रीच्या ओढ्यांत तर तिला वीजकेंद्राचीही गरज नाही, आणि त्या ओढ्यांत आपली स्वतःची बारीक गोडी कोळंबी आधीपासून राहते. त्यापेक्षा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावी. लिटरभराची बाटली, दोन तृतीयांश टँकचेच पाणी, वर हवा, आणि पकडायला म्हणून जावा मॉसचा मूठभर गुंता. खाद्य काही टाकायचे नाही. एवढ्यावर वीसेक कोळंब्या रात्रभराचा एसटीचा प्रवास करून पोचतात. मॉस नीट झटकून पाहिला तर न मोजलेली काही पिल्लेही त्याच्याबरोबर आलेली असतात.